नमते घ्यावे, पण मापाने

मोटारीची हौस ही आता मूठभर श्रीमंतांची मिरासदारी राहिलेली नाही. संध्याकाळच्या वेळी मिरामारहून दोनापावलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाच मिनिटे उभे राहिले तरी याची साक्ष पटते. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी तरुणांच्या मनास येत नाही. कुणी तिची चाके बदलतो, कुणी रंग बदलतो, आणि कुणी तिला जमिनीच्या इतके जवळ आणतो की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट शिरावे एवढीच फट उरते. बाजूने जाणारा वयस्क गृहस्थ मान हलवतो आणि ‘पैसा अंगावर आला आहे’ असे पुटपुटतो. तरुणाला वाटते, यांना यातले काय कळणार! दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. आणि जेथे बोलणे थांबते तेथे प्रश्न वाहतूक पोलिसाच्या पावतीपुस्तकाकडे जातो.

आम्ही आज या विषयाला हात घालीत आहोत तो हौशी तरुणांना झोडपण्यासाठी नव्हे आणि त्यांची पाठ थोपटण्यासाठीही नव्हे. गाडी खाली घेणे हे काम सुरक्षितपणे करता येते, आणि जीवघेण्या पद्धतीनेही करता येते. या दोहोंमधला फरक कायद्याला दिसत नाही, बापाला माहीत नसतो आणि पुष्कळदा खुद्द मुलालाही ठाऊक नसतो. हा फरक उलगडून सांगावा एवढाच आमचा हेतू आहे.

गाडी खाली घेण्याच्या कल्पनेत मुळात चुकीचे काहीच नाही. वळणावर गाडीचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. तो किती सरकावा हे गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर यांच्या प्रमाणावर ठरते. उंची घटली की भार कमी सरकतो आणि चारही टायर आपापला वाटा अधिक समानतेने उचलतात. शर्यतीच्या मोटारी जमिनीला चिकटून धावतात त्या काही केवळ शोभेसाठी नव्हे. परंतु हा लाभ नेमका किती? गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटरवर आहे असे धरले आणि गाडी ३० मिलिमीटरने खाली घेतली, तर भाराचे हे स्थलांतर साडेपाच टक्क्यांच्या आसपास घटते. लाभ खरा आहे, पण तो साडेपाच टक्क्यांचा आहे. एवढ्या लाभासाठी किती जोखीम पत्करावी, हा विचार हौसेच्या आधी व्हावयास हवा.

ही हौस नवी नाही आणि तिच्याशी सरकारचे भांडणही नवे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या मोटारींच्या डिकीत वाळूची पोती टाकून आणि स्प्रिंगा कापून त्या खाली आणावयास प्रारंभ केला. १९५८ साली त्या राज्याने कायदा केला की फेरफार केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली असता कामा नये. पुढच्याच वर्षी रॉन अग्विरे या तरुणाने विमानांच्या मोडीतून मिळालेले हायड्रॉलिक पंप आपल्या कॉर्व्हेट गाडीला जोडले. पोलीस दिसला की बटण दाबायचे, गाडी कायदेशीर उंचीवर येई. पोलीस गेला की ती पुन्हा खाली! पुढे या कायद्याचा उपयोग सुरक्षिततेपेक्षा एका समाजाच्या तरुणांना अडविण्यासाठीच अधिक होतो, अशी तक्रार वाढत गेली, आणि २०२३ साली कॅलिफोर्नियाने तो निर्बंध उठविला. कायदा गेला, पण त्यामागचे माप मात्र आजही शहाणपणाचे आहे. टायर फुटून गाडी रिमवर आली तरी तिचा तळ रस्त्याला लागू नये, हा त्याचा साधा अर्थ. सरकारचा हेतू कितीही वाकडा असला तरी माप सरळ असू शकते, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमची गाडी फोंड्याच्या वाटेवरील एका जुन्या मेस्त्रींकडे दुरुस्तीस दिली होती. काम होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो असता मेस्त्रींनी कोपऱ्यातून दोन स्प्रिंगा आणून आमच्यापुढे ठेवल्या. एक अखंड होती. दुसरीचा दीड वेढा गॅसच्या ज्योतीने कापून टाकलेला होता, आणि कापल्या जागेपासून वीतभर लांबीपर्यंत पोलादावर निळसर-काळी झाक चढली होती. “बाब, ही घालून एक मुलगा तीन महिने अनमोडचा घाट चढत-उतरत होता,” मेस्त्री म्हणाले. “एका उंचवट्यावर चाक लोंबले तशी स्प्रिंग बैठकीतून निसटली आणि टायरला आतून घासू लागली. वास आला म्हणून त्याने गाडी थांबवली. मागच्या सीटवर त्याची आई होती.” एवढे बोलून ते पुन्हा कामाला लागले. आम्हांला मात्र त्यानंतर वर्तमानपत्र वाचवेना.

स्प्रिंग कापणे ही गाडी खाली घेण्याची सर्वांत स्वस्त रीत. दीड-दोनशे रुपयांत आणि अर्ध्या तासात काम होते. तिने नेमके काय बिघडते ते समजून घेतले पाहिजे. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या कार्यरत वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतील एक काढला की उरलेली स्प्रिंग सव्वापट नव्हे तरी एक पूर्णांक दोन दशांशपट कडक होते. तिला आवरण्यासाठी बसविलेला शॉकअब्सॉर्बर मात्र जुन्या, मऊ स्प्रिंगच्या बेताचाच राहतो. परिणामी खड्ड्यातून बाहेर आल्यावर गाडी एकदा बसण्याऐवजी तीन-तीनदा उसळते, आणि उसळत्या चाकाला ब्रेक लागत नाही. ज्योतीची आच लागलेल्या पोलादाचे पाणी उतरते आणि ते आज ना उद्या बसते किंवा तुटते. स्प्रिंग आखूड झाल्यामुळे चाक पूर्ण लोंबले की ती सैल पडते आणि बैठक सोडते. मेस्त्रींच्या हातातील स्प्रिंग या सर्व दोषांचा एकत्रित पुरावा होती.

याउलट ज्याला कॉइलओव्हर म्हणतात ती रचना मापाने खाली घेण्यासाठीच बनलेली असते. शॉकअब्सॉर्बरच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर फिरणाऱ्या चकतीवर स्प्रिंग बसते आणि चकतीखाली तिला जखडणारी दुसरी चकती असते. चकती खाली फिरवली की गाडी खाली, वर फिरवली की वर. स्प्रिंगचा कडकपणा आणि शॉकअब्सॉर्बरचा आवर एकमेकांना जुळतील असे कारखान्यातच ठरविलेले असते. स्प्रिंग ४४ टक्क्यांनी कडक केली तर आवरही २० टक्क्यांनी वाढावा लागतो. हे गणित ज्याने केले आहे त्याच्याकडूनच वस्तू घ्यावी. ज्याच्या खोक्यावर नाव आहे पण आत कडकपणाचा आकडा नाही, अशा मालाच्या वाटेस जाऊ नये.

यातही दोन जाती आहेत. पहिलीत केवळ स्प्रिंगची चकती सरकते. गाडी जितकी खाली येते तितका शॉकअब्सॉर्बरचा दांडा आत जातो आणि दाबासाठी उरलेली त्याची धाव कमी होते. दुसरीत नळीचा तळचा भागच आट्यांवर फिरून आखूड होतो. तेथे दांड्याची धाव जशीच्या तशी राहते, पण चाक पूर्वीपेक्षा वर जाऊ शकत असल्याने ते मडगार्डच्या आतल्या पत्र्याला लागणार नाही ना, हे पाहावे लागते. शिवाय आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांच्या मागच्या बाजूला स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर वेगवेगळे बसविलेले असतात. तेथे खऱ्या अर्थाने कॉइलओव्हर नसतोच, केवळ स्प्रिंगखाली फिरणारी बैठक असते. स्प्रिंग चाकापेक्षा बिजागरीच्या जवळ असेल तर बैठक दहा मिलिमीटर सरकविल्यावर गाडी दहापेक्षा अधिक उतरते. हे ठाऊक नसल्यामुळे मागची बाजू जमिनीवर टेकलेल्या आणि पुढची आभाळाकडे पाहणाऱ्या गाड्या रस्त्यात भेटतात. अशी गाडी समोरच्याचे डोळेही दिपवते. चाकांमधील अंतर २४५० मिलिमीटर असेल आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा २० मिलिमीटर अधिक उतरली असेल, तर २५ मीटर पुढे हेडलाइटचा झोत सुमारे २० सेंटिमीटरने वर उचलला जातो. समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत तो जातो. त्या माणसाने या हौसेचे कोणतेही सुख घेतलेले नसते.

खाली घेणे किती, या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या पुढच्या चाकांखाली दडलेले आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने गेल्या शतकाच्या पाचव्या दशकाच्या अखेरीस जी रचना आणली, एकच उभा दांडा आणि खाली एकच आडवा हात, तीच आज आपल्या बहुतेक मोटारींच्या पुढच्या बाजूस असते. ती स्वस्त, आटोपशीर आणि टिकाऊ आहे. परंतु तिचा खालचा हात बहुधा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवलेला असतो. गाडी खाली घेतली की तो आडवा होतो आणि आणखी खाली घेतली की उलटा, बाहेरच्या बाजूला चढता होतो. मग ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली जातो. या दोहोंमधील अंतर वाढते आणि गाडी कमी कलण्याऐवजी अधिक कलू पाहते. म्हणजे ज्या लाभासाठी हा खटाटोप केला तोच हातचा जातो! स्टिअरिंगच्या टाय रॉडचाही कोन बदलतो, आणि खड्ड्यावर चाक वर-खाली झाले की स्टिअरिंग न फिरवताही चाके स्वतःच्या मर्जीने वळू लागतात. इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणारे ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके चालून लवकर झिजतात. काही जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेली एक झडप गाडीवर किती ओझे आहे हे तिच्या उंचीवरून ओळखते आणि त्याप्रमाणे मागच्या ब्रेकला जोर देते. गाडी खाली घेतली की त्या झडपेला वाटते, गाडी भरलेली आहे. रिकाम्या गाडीची मागची चाके मग ओल्या रस्त्यावर अकस्मात जाम होऊ शकतात.

म्हणून साध्या रस्त्यावरील गाडीस २५ ते ३० मिलिमीटरची मर्यादा शहाणपणाची ठरते. चकतीला आटे ७० मिलिमीटरपर्यंत आहेत म्हणून गाडी ७० मिलिमीटर खाली घ्यावी असे नव्हे. विहिरीला तळ आहे म्हणून कुणी तळापर्यंत उडी मारीत नाही.

काम करण्याची रीतही सांगितली पाहिजे, कारण अपघात पुष्कळदा वस्तूमुळे नव्हे तर बसविण्यातील घाईमुळे होतात. प्रथम गाडी सपाट फरशीवर उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची अंतरे मोजून लिहून ठेवावीत. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधील हवा त्या मापात लबाडी करते. गाडी जॅकवर उचलली की तत्काळ पक्क्या स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर कुणीही, एका क्षणासाठीही, तिच्याखाली हात घालू नये. जुनी स्प्रिंग दाबून धरण्याची अवजारे दोन्ही बाजूंना सारखी आवळल्यावाचून वरचा मधला नट सोडू नये. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जबडा फोडण्याइतका जोर असतो, आणि हे आम्ही अलंकारिक भाषेत बोलत नाही. नवी जोडणी झाल्यावर चाक पूर्ण लोंबत असतानाही स्प्रिंग सैल होत नाही याची खात्री करावी. ब्रेकची नळी व वायर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरविल्यावर कोठे ताणत वा घासत नाही हे पाहावे. दाब टोकाला गेल्यावर धक्का सोसणारा रबरी ठोकळा जागच्या जागी असावा. तो कापून धाव वाढविणे म्हणजे घराचा उंबरा काढून दार मोठे केल्याचे समाधान मानणे होय. रबरी बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यानंतर, नव्या उंचीवरच, शेवटचे आवळावेत. लोंबत्या अवस्थेत आवळले तर बुश कायमचा पीळ खात राहतो आणि फाटतो.

मग येते तोलाचे काम. गाडी हा चार पायांचा चौरंग आहे. एका पायाखाली चकती घातली तर तो पाय आणि त्याच्या तिरक्या समोरचा पाय ओझे उचलतात आणि उरलेले दोन अधांतरी होतात. कॉइलओव्हरची एकच चकती दोन फेरे अधिक फिरविली तर नेमके हेच घडते. बाहेरून गाडी सरळ दिसते, पण ब्रेक दाबताच एका बाजूला ओढली जाते. म्हणून डाव्या-उजव्या बाजूंच्या उंचीत पाच मिलिमीटरहून अधिक फरक राहू देऊ नये, आणि शक्य असेल तेथे चालकाच्या वजनासह चारही चाकांखालचे वजन काट्यावर पाहून घ्यावे. शे-दीडशे किलोमीटर गाडी चालवून स्प्रिंगा बसल्या की उंची पुन्हा मोजावी, जखडचकती आवळावी, आणि सर्वांच्या शेवटी व्हील अलाइनमेंट करावे. आधी अलाइनमेंट आणि मग उंची, असा उलटा क्रम चालविला तर दोन्ही पैसे पाण्यात गेले म्हणून समजावे. हेडलाइटचा झोतही त्याच वेळी तपासून घ्यावा.

पाणी म्हटले की आमच्या किनाऱ्याचा विशेष आलाच. येथे चार महिने पाऊस कोसळतो आणि बारा महिने वारा मीठ वाहून आणतो. आट्यांमध्ये जांभ्या मातीचा चिखल आणि मीठ बसले की एका पावसाळ्यात चकती अशी जाम होते की हातोड्याशिवाय हलत नाही, आणि हातोड्याने आटे मोडतात. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर आटे ब्रशने धुऊन, वाळवून, न गंजणारे वंगण लावणे हा येथे ऐच्छिक भाग नाही. ज्याला एवढी निगा राखणे जमणार नाही त्याने ठराविक उंचीच्या, तयार, आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअब्सॉर्बर घेऊन समाधान मानावे. त्यात कमीपणा नाही.

येथवर आम्ही तरुणांना चार गोष्टी सुनावल्या. आता सरकारला सुनावणे भाग आहे, कारण मापाचा हा हट्ट एकाच बाजूकडून धरणे न्यायाचे होणार नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेने गतिरोधकाचे माप घालून दिले आहे. ३.७ मीटर रुंद, मध्यावर १० सेंटिमीटर उंच, आणि १७ मीटर त्रिज्येची वर्तुळाकार पाठ. ब्रिटनमधील रस्ते-संशोधन प्रयोगशाळेने १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रयोगांती काढलेला बारा फूट बाय चार इंचांचा उंचवटा तो हाच. याची गंमत अशी की २४५० मिलिमीटर चाकांतराची लहान गाडी पुढच्या आणि मागच्या चाकांसह या पाठीवर एकदमच मावते. भूमितीने हिशोब केला तर तिच्या पोटाखाली उंचवट्याचा फुगीरपणा केवळ ४४ मिलिमीटर भरतो. १६५ मिलिमीटर उंचीची गाडी ३० मिलिमीटरने खाली घेतली तरी सावकाश जाताना ९० मिलिमीटर शिल्लक उरतात. तिला कोठेही खरचटण्याचे कारण नाही.

आणि आपल्या गावोगावचे गतिरोधक कसे आहेत? वीत-दीड वीत रुंद आणि गुडघ्याच्या वाटीला लागतील असे डांबराचे बांध! उंची कंत्राटदाराच्या मनाची आणि जागा तक्रार करणाऱ्याच्या दाराची. दीडशे मिलिमीटर उंचीचा असा अरुंद बांध दोन्ही चाकांच्या मध्ये आला की कारखान्यातून निघाली तशी गाडीही, चार माणसे आत बसली असता, पोट घासल्यावाचून पार होत नाही. अशा बांधाने रुग्णवाहिकेतील रुग्णाचे आणि गरोदर बाईचे काय होत असेल ते सांगावयास नको. राष्ट्रीय महामार्गांवरील गतिरोधक काढून टाकावेत अशी सूचना केंद्रीय मंत्रालयाने २०१६ च्या एप्रिलमध्ये राज्यांना केली होती. गावातल्या रस्त्यांवर गतिरोधक हवेतच, मुलांच्या शाळेसमोर तर हवेतच हवेत. परंतु ते मापाचे हवेत. जे सरकार स्वतःच्या गतिरोधकाचे माप पाळू शकत नाही, त्याने नागरिकाच्या गाडीखाली मोजपट्टी घालताना थोडा संकोच बाळगावा.

प्रश्न उरतो कायद्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अरुण मिश्रा व न्या. विनीत सरण यांच्या पीठाने केरळातून आलेल्या प्रकरणात हे कलम काटेकोरपणे लागू केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातील १८२-अ हे कलम नव्या रूपात आले. परवानगीवाचून सुटे भाग बसवून केलेल्या फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. आता गाडीची जमिनीपासूनची उंची नोंदणीपत्रात लिहिलेली नसते, तेव्हा ती कमी केल्याने तपशील बदलला की नाही, असा युक्तिवाद हौशी मंडळी करतात. रस्त्यात उभ्या असलेल्या अंमलदारापुढे तो टिकत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीपुढे तर मुळीच टिकण्याचा भरवसा नाही. म्हणून आमचा पहिला सल्ला असा की वाहतूक खात्याची लेखी अनुमती आणि विमा कंपनीला लेखी सूचना यांवाचून कुणी या कामास हात लावू नये. अनुमती मिळत नसेल तर हौस आवरावी. कायदा पटत नसेल तर तो बदलून घेण्याचा मार्ग आहे, मोडण्याचा नाही.

परंतु तो बदलून घ्यावाच, असेही आमचे मत आहे. आजच्या स्थितीत गणित करून, तपासून, योग्य भागांनी ३० मिलिमीटर गाडी खाली घेणारा आणि गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग कापणारा हे दोघेही एकाच दंडाचे धनी आहेत. दोन्ही गुन्हे सारखेच, तर माणूस स्वस्त गुन्हा निवडतो. दंडाच्या भीतीने चांगला कारागीर या कामाला नकार देतो आणि ते रात्रीच्या वेळी, शटर अर्धे ओढून, ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्या हाती जाते. सरसकट मनाईने हौस मरत नाही, फक्त तिच्यावरची देखरेख मरते.

इतर देशांनी यावर तोड काढली आहे. जर्मनीत सुरक्षिततेस बाधा आणू शकेल असा फेरफार केला की गाडीचा परवाना संपुष्टात येऊ शकतो. तथापि ज्या भागाची चाचणी होऊन प्रमाणपत्र मिळाले आहे तो बसवून, टीयूव्हीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या तपासनिसापुढे गाडी उभी केली आणि त्याने शिक्का दिला, की तीच गाडी रस्त्यावर निर्वेध धावते. जपानमध्ये ठरावीक मुदतीने होणाऱ्या तपासणीत गाडीच्या तळाची जमिनीपासून उंची साधारणतः ९ सेंटिमीटरपेक्षा कमी असून चालत नाही. आकडा स्पष्ट आहे, मोजपट्टी लावली की वाद संपतो.

हे आपल्याला अशक्य आहे काय? मुळीच नाही. आपल्याकडे पेट्रोलच्या गाडीस सीएनजीचे किट बसवावयाचे असेल तर मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसविणारा, तपासणी आणि नोंदणीपत्रात नोंद, असा रस्ता कायद्यानेच आखून दिला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या सोयीसाठी गाडीत बदल करण्यासही कायदा वाट देतो. गॅसची टाकी डिकीत ठेवण्याइतका विश्वास जर शिस्तीच्या बळावर टाकता येतो, तर तीन सेंटिमीटरचा विश्वास का टाकता येऊ नये? १९६६ पासून पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या चाचण्या करीत आली आहे. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरचे संच अशा संस्थेने तपासावेत, उतरणीची कमाल मर्यादा आकड्यात ठरवावी, मोटार वाहन निरीक्षकाने बसविलेली गाडी पाहून नोंदणीपत्रात उंची लिहावी, आणि कापलेल्या स्प्रिंगेसाठी मात्र दंड आजच्याहून कठोर करावा. केंद्राने नियम करावयाचा आहे हे खरे, पण गोव्यासारख्या लहान राज्याने तो सुचविण्यास कुणाची आडकाठी आहे? येथे गाड्या मोठ्या, रस्ते अरुंद, आणि खारा वारा व पाऊस यांमुळे निकृष्ट मालाची परीक्षा एका पावसात होते. असा नियम कोठे पारखून पाहावयाचा असेल तर गोव्यासारखी जागा नाही.

तोपर्यंत आईबापांना एक विनंती. मुलगा गाडी खाली घेतो म्हणतो तेव्हा त्याच्यावर ओरडू नका. त्याच्याबरोबर गॅरेजमध्ये जा. स्प्रिंग कापणार की नवी बसविणार, किती मिलिमीटर उतरणार, शॉकअब्सॉर्बर कोणता, लेखी अनुमती कोठे आहे, अलाइनमेंट कुठे करणार, हे पाच प्रश्न विचारा. उत्तरे आकड्यांत आली तर पुढचे बोलणे होऊ शकेल. ‘होईल हो सगळे’ असे उत्तर आले तर चाव्या खिशात घालून परत या.

आणि तरुणांना एवढेच सांगणे आहे, की तुमच्या गाडीची उंची रस्त्यावरचे लोक पाहतात, पण तिच्या स्प्रिंगांवर तुमची आई बसलेली असते. गाडीने जमिनीपुढे नमते घेण्यास आमची हरकत नाही. ते मापाने घ्यावे, म्हणजे घाटातल्या वळणावर तुम्हांला मान खाली घालावी लागणार नाही.